शोधण्याची मजुरी

डिझेल गळणारी गाडी मिस्त्रीला फारसा त्रास देत नाही. खाली डाग पडतो, वास येतो, पाइपावर बोट फिरवलं की ओलं लागतं. त्रास देते ती हवा घेणारी गाडी. टाकीपासून पंपापर्यंतच्या लाइनीत डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. त्या टप्प्यात कुठे बारीक चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत शिरते. जमीन कोरडी, पाइप कोरडे, क्लिपा घट्ट. आणि माल भरून चढाला लागली की गाडी गचके खाते, दम सोडते, एखाद्या वळणावर बंदच पडते.

नांदगावात माझं डिझेल गाड्यांचं गॅरेज आहे. आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा ट्रेड केला, नाशिकला पंप-नोझलच्या वर्कशॉपमध्ये काही वर्षं हात काळे केले आणि गावी परतलो. आमच्या तालुक्यात पाऊस कमी, मोठे कारखाने नाहीत, मनमाडची रेल्वे सोडली तर नोकऱ्याही फार नाहीत. मग ज्याच्याकडे थोडी जमीन आहे तो हप्त्यावर पिकअप घेतो. स्वतःचा कांदा मार्केटला नेतो, शेजाऱ्याचा नेतो, परतीला ढेप, खत, सिमेंट जे मिळेल ते भरतो. पिकअप उभी राहिली की एका घराचा हप्ता, शाळेची फी आणि किराणा एकदमच उभा राहतो. म्हणून अशी गाडी दारात आली की मला तिच्याकडे नुसतं यंत्र म्हणून बघता येत नाही.

ज्या गाडीबद्दल लिहितोय ती बोलठाणकडच्या एका शेतकऱ्याची. २०२४ चा जानेवारी होता. गाडी सेकंडहँड घेतलेली, कॉमन रेल इंजिनाची. दिवाळीनंतर दुखणं सुरू झालं होतं. सकाळी सेल मारून मारून बॅटरी उतरायची. एकदा चालू झाली की मोकळ्या गाडीला काही होत नसे. माल भरून चढ लागला की डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटायचा, ॲक्सिलेटर दाबूनही वेग येत नसे, आणि शेवटी बंद. उतरून फिल्टरजवळचा हँड प्रायमर दाबायचा. तो हाताला कडक लागेपर्यंत दाबत राहिलं की गाडी पुन्हा चालू. हे रोज झालं असतं तर सोपं होतं. मध्येच आठवडाभर गाडी ठणठणीत चालायची.

“मिस्त्री, हिला काय झालंय तेच कळंना. बघा ना, सगळं नवीन टाकलंय,” असं म्हणत त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून बिलं काढली. फिल्टर बदललेला, पुन्हा बदललेला. पंपावरचं मीटरिंग युनिट नवं. नोझलं काढून साफ केलेली. पंप उतरवून बेंचवर लावलेला. तो बेंचवर चांगला निघाला होता आणि तसाच परत बसवला होता, तरी उतरवण्या-चढवण्याची मजुरी लागलीच होती. एका हंगामात कांद्याने जे दिलं त्यातला मोठा हिस्सा त्या पिशवीत होता.

ज्या गॅरेजवाल्यांनी ही कामं केली त्यांना मी लबाड म्हणणार नाही. कोणालाही पहिल्यांदा जे दिसतं तेच त्यांनी बघितलं. जुन्या डिझेल इंजिनात पंपच प्रत्येक नोझलला मोजून डिझेल पाठवायचा. जर्मनीत बॉशने १९२७ मध्ये असे पंप कारखान्यात बनवायला घेतले, आणि पुढे आमच्याच जिल्ह्यात, सातपूरला बॉशच्याच मायकोत, नोझलं बनू लागली. नाशिकला आजही मायको सर्कल आहेच. त्या जुन्या इंजिनांनी हवा घेतली तर नळीच्या जोडावरचा बेंजो बोल्ट सैल करायचा, फेस जाऊन निव्वळ डिझेल येईपर्यंत प्रायमर मारायचा. डोळ्यांनी आणि कानांनी बरंच कळायचं. कॉमन रेलमध्ये पंप एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाब साठवून ठेवतो आणि नोझलं कॉम्प्युटरच्या इशाऱ्यावर उघडतात. नुसतं चालू व्हायलाही रेलमध्ये दोनशे बारच्या आसपास दाब लागतो. पूर्ण भारावर तो सोळाशेपर्यंत जातो. डिझेल दाबलं तर फारसं आकसत नाही, हवा आकसते. पंपात डिझेलबरोबर बुडबुडे आले की त्याची मेहनत बुडबुडे दाबण्यात जाते आणि रेलमध्ये दाब चढत नाही.

स्कॅनर लावला की पडद्यावर उमटतं: रेल प्रेशर लो. ते खोटं नसतं. पण स्कॅनर दुखणं सांगतो, कारण सांगत नाही. पंप झिजलेला असू शकतो, मीटरिंग युनिट अडकत असेल, एखादं नोझल रिटर्नला जास्त डिझेल सोडत असेल, फिल्टर तुंबला असेल, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल, नाहीतर लाइन हवा घेत असेल. यातलं काहीही असलं तरी पडद्यावर वाक्य एकच. दाबाचा सेन्सर रेलवर बसलेला असतो. टाकीत काय चाललंय ते त्याला कळायला मार्ग नाही.

गाडीमालकाचं स्वतःचं निदान वेगळं होतं. त्यांच्या मते डिझेलमध्ये भेसळ होती. रस्त्यावरच्या एका पेट्रोल पंपावर भरलं की गाडी बिघडते आणि दुसरीकडे टाकी भरली की नीट चालते, हे त्यांनी स्वतः पारखलं होतं. त्या पंपावर जाऊन ते भांडूनही आले होते. पंपाचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्याचा दोष नव्हता.

पण ही शंका घेणाऱ्याला आमच्या भागात कोणी वेडा म्हणत नाही. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. मुंबईहून नळवाहिनीने तेल तिथे येतं, आणि तिथून टँकर खानदेश-मराठवाड्यापर्यंत जातात. टँकर आले तशी त्यातून तेल काढणारी आणि त्यात रॉकेल मिसळणारी टोळकीही आली. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी पानेवाडीजवळ असा प्रकार चालू असताना पाहिला आणि ते थांबले. त्यांना तिथेच जिवंत जाळलं. त्यानंतर राज्यभरातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं. त्या रस्त्याने मी गाड्यांची ट्रायल घेतो. तिथून जाताना ते नाव मनात येत नाही असं होत नाही. डिझेलच्या शुद्धतेसाठी एक माणूस गेला आहे. तेव्हा भेसळीची तक्रार घेऊन आलेल्या शेतकऱ्याला उडवून लावायचं नाही, ती तपासायची, असा माझा नियम आहे.

भेसळीने नुकसान होतं ते असं. पंपाच्या आतल्या भागांना वेगळं ऑइल नसतं, डिझेलच त्यांचं वंगण. रॉकेल पातळ, त्यात तो गुण कमी. पंप आणि नोझलं झिजतात. म्हणून मी संशय असलेल्या पेट्रोल पंपावरचं डिझेल काचेच्या बरणीत आणलं आणि रात्रभर स्थिर ठेवलं. खाली पाणी नाही, गाळ नाही, रंग स्वच्छ. मग आम्ही दोघं पंपावर जाऊन घनता मोजून मागितली. हा ग्राहकाचा हक्क आहे. हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि तक्ता पंपावर ठेवावाच लागतो, आणि त्या दिवशी नोंदवलेल्या घनतेपेक्षा प्रत्यक्ष घनता घनमीटरला तीन किलोहून जास्त वेगळी येता कामा नये. ती जुळली. पंपावरच्या माणसाने कुरकुर न करता मोजून दाखवलं. गाडीमालक गप्प झाले, पण त्यांची खात्री पटली नव्हती, आणि ते योग्यच होतं. पंप निर्दोष ठरला तरी गाडी बंद पडायचं थांबलं नव्हतं.

परतल्यावर जुना फिल्टर कापला. कागदाच्या घड्यांत तांबूस भुकटी होती, आणि वॉटर सेपरेटरच्या तळाशी थोडं पाणी. डिझेल स्वच्छ, मग गंज आला कुठून? ही पहिली खूण मिळाली. चारही नोझलांच्या परतीच्या नळ्या वेगवेगळ्या बाटल्यांत सोडून रिटर्न टेस्ट घेतली, बाटल्यांत डिझेल जवळपास सारखं. टाकीचं झाकण उघडलं तेव्हा फुस्स आवाज नाही, म्हणजे हवेचं भोक मोकळं.

अशा वेळी सुटे भाग बदलत बसण्यापेक्षा डिझेलच्या वाटेचे दोन तुकडे करावेत. एक स्वच्छ कॅन घेतला, त्यात ताजं डिझेल भरलं, फिल्टरकडे जाणारी नळी टाकीपासून सोडवून कॅनमध्ये घातली आणि रिटर्नची नळीही कॅनमध्येच सोडली. कॅन केबिनमध्ये पक्का बांधला. (पेट्रोलच्या गाडीला हा प्रयोग कोणीही करू नये.) फिल्टरच्या अलीकडे पारदर्शक नळीचा तुकडा जोडला. मागे मक्याची पोती भरली आणि चाळीसगावकडे निघालो, कारण मला लांब चढ हवा होता आणि तो कन्नडच्या घाटात मिळतो. त्या घाटात २०२३ च्या ऑगस्टपासून जड वाहनांना बंदी झाली आणि ट्रकांची वाहतूक नांदगावमार्गे वळली, त्यामुळे आमचा रस्ता गजबजला आणि घाट पिकअपवाल्यांना त्यामानाने मोकळा मिळाला. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण घाट चढली. दिवा नाही, गचका नाही. वर पोचल्यावर बॉनेट उघडून बघितलं: पारदर्शक नळीत डिझेल काठोकाठ, बुडबुडा एकही नाही.

एवढ्याने पंप, मीटरिंग युनिट, रेल, नोझलं सगळी सुटली. इंजिनाकडचा अर्धा भाग निर्दोष होता. ज्यांच्यावर इतका पैसा गेला, ते सगळे भाग त्याच अर्ध्यात होते.

खाली आल्यावर टाकी पुन्हा जोडली. टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या रबरी नळ्या नव्या घातल्या, बेंजोचे तांब्याचे वॉशर नवे, आणि पारदर्शक तुकडा या वेळी टाकीच्या तोंडाशीच लावला. इंजिन चालू केलं. थोड्या वेळाने बुडबुडे दिसू लागले, एकामागून एक, टाकीतूनच येणारे. टाकीच्या आत हवा कशी लाइनीत शिरेल? नळीचं तोंड तर तळाशी असतं. परत ट्रायलला जायचं म्हणून टाकीत भरपूर डिझेल घातलं, आणि बुडबुडे बंद. पूर्ण बंद.

तेव्हा मी गाडीमालकांना विचारलं, “भाऊ, डिझेल कसं भरता? टाकी फुल करता का?”

“फुल कशाने करणार? पाचशेचं टाकतो. कधी तीनशेचं. भाडं मिळालं की परत.”

त्यांच्या खिशात हिशेबाची डायरी होती. शेतकऱ्याच्या डायरीइतका खरा कागद मी दुसरा पाहिलेला नाही. तिथे कोणाला काही दाखवायचं नसतं. आम्ही दोघं टायरवर बसून ती चाळू लागलो. डिझेल ५००, डिझेल ३००, डिझेल ५००. जिथे जिथे गाडी बंद पडल्याची नोंद होती, तिथे आधीच्या दिवसांत अशीच रक्कम होती. डिझेलचा भाव तेव्हा लिटरला नव्वदीच्या पुढे होता. पाचशेत पाच लिटरच्या थोडं वर येई आणि टाकी साठेक लिटरची. जिथे ‘फुल’ लिहिलं होतं, त्यानंतर काही दिवस बिघाडाची नोंद नाही. आणि फुल कधी होत होतं? कांद्याची पट्टी हातात पडली की, किंवा दुरुस्तीसाठी नाशिकला जायचं असलं की. लांबचा पल्ला म्हणून टाकी भरायची, तिकडे एखादा भाग बदलायचा, येताना गाडी झकास. सगळ्यांना वाटायचं, हाच भाग खराब होता. टाकी खाली गेली की दुखणं परत. भेसळीच्या शंकेचंही तेच: जवळच्या पंपावर ते थोडं थोडं भरत, मनमाडला गेले की टाकी भरून घेत. दोष एका पंपाच्या माथी आला तो असा.

डायरीत आणखी एक गोष्ट दिसत होती आणि ती वाचताना मला वाईट वाटलं. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, भाव कोसळले. त्या तारखेनंतर ‘फुल’ हा शब्द डायरीतून जवळजवळ गेला होता. तीनशे, दोनशे, तीनशे. बिघाडाच्या नोंदी दाट झाल्या होत्या त्या नेमक्या त्यानंतर. जेव्हा घरात पैसा सगळ्यात कमी होता, तेव्हाच गाडी सगळ्यात जास्त बंद पडत होती, आणि तेव्हाच तिच्यावर सगळ्यात जास्त खर्च झाला होता.

टाकी उतरवली. वरच्या झाकणाला फ्लोट आणि डिझेल ओढणारी लोखंडी नळी एकत्र असतात. ती नळी काढली, खालचं तोंड अंगठ्याने बंद केलं, बादलीतल्या डिझेलमध्ये बुडवली आणि वरून हलकी हवा सोडली. नळीच्या साधारण मध्यावर, जिथे आधाराची पट्टी वेल्ड केलेली असते, तिथून बुडबुड्यांची बारीक रांग निघाली. वेल्डच्या कडेने गंज धरला होता आणि हादऱ्यांनी तिथेच चीर गेली होती. डिझेल त्या चिरेच्या वर असेपर्यंत चिरेतूनही डिझेलच ओढलं जाई, कोणाला काही कळत नसे. पातळी खाली गेली की चिरेतून हवा. चढावर टाकीतलं डिझेल मागे सरकतं, चीर लवकर उघडी पडते. वर इंजिनाला डिझेल जास्त लागतं, ओढ वाढते, हवाही जास्त. रात्री गाडी उभी असताना त्याच चिरेतून हवा शिरे, लाइनीतलं डिझेल टाकीत उतरे, आणि सकाळी सेल मारत बसावं लागे.

गाडीमालकांनी नळी हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाले, “म्हणजे विहिरीवरची मोटर करते तसंच. पाणी खाली गेलं आणि सक्शन पाइप फुटका असला की मोटर हवा धरते.” मला जे सांगायला बराच वेळ लागला असता, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. विहिरीची पातळी खाली गेलेली त्यांनी अनेक उन्हाळे पाहिली आहे.

गंजाचं कारणही तिथेच होतं. टाकी रिकामी असली की उरलेल्या जागेत हवा असते आणि हवेत ओलावा असतो. आमच्याकडे हिवाळ्यात रात्री चांगलीच थंडी पडते, दुपारी ऊन कडक. थंड पत्र्याला आतून पाणी सुटतं, ते डिझेलपेक्षा जड, तळाशी बसतं. वर्षानुवर्षं कमी डिझेलवर चाललेल्या लोखंडी टाकीत गंज धरणारच. म्हणजे पाचशे-पाचशेचं भरल्याने चीर उघडी पडत होती, आणि मुळात चीर पडायलाही तीच सवय थोडीबहुत कारण होती. सवय कसली, नाइलाज.

टाकी धुऊन घेतली, नवी नळी-फ्लोटची जोडणी बसवली, फिल्टर बदलला. जुन्या नळीला पितळ लावून भागलं असतं, पण डिझेल प्यालेल्या वस्तूला आग दाखवायची घाई मी करत नाही, आणि घाटात दगा देणारी वस्तू पुन्हा बसवायची इच्छाही नव्हती. मग मुद्दाम टाकीत थोडंच डिझेल ठेवून, पोती भरून, पुन्हा घाट चढवला. गाडी नीट गेली.

मग बिल लिहायला बसलो, आणि अशा प्रत्येक कामात जिथे माझा हात अडतो तिथेच अडला. नळीची किंमत किरकोळ. रबरी पाइप, वॉशर, फिल्टर, टाकी उतरवण्याची मजुरी. बेरीज मीटरिंग युनिटच्या किमतीच्या जवळपासही जात नव्हती. खरं काम होतं ते शोधण्याचं: बरणी, घनता, कॅन, घाट, डायरी. त्याला आमच्या धंद्यात रकानाच नाही. गिऱ्हाईक विचारतं, “काय बदललं?” काही बदललं असेल तर ते पैसे देतं, कारण वस्तू हातात घेऊन बघता येते. काही न बदलता दोन दिवस शोधत राहणाऱ्या मिस्त्रीला ते चहा पाजतं. मग मिस्त्री काय शिकतो? भाग बदलायला शिकतो. त्यात त्याचं पोट आहे, दुकानदाराचं कमिशन आहे, आणि चुकीचा भाग लागला तरी जबाबदारी कोणाची नसते. त्या प्लॅस्टिकच्या पिशवीतली बिलं मला लबाडीची वाटली नाहीत, ती या रिवाजाची होती. शोधण्याची मजुरी मागायला मिस्त्री लाजतो आणि द्यायला गिऱ्हाईक तयार नसतं. दोघांच्या संकोचाची किंमत शेवटी गिऱ्हाईकच भरतं, आणि कित्येक पटींनी भरतं.

हे मी माझ्याकडे शिकणाऱ्या पोरांना रोज सांगतो. आयटीआयमध्ये इंजिन खोलायला-जोडायला शिकवतात आणि ते आलंच पाहिजे. पण बिघाडाची वाट मधोमध तोडून अर्धी बाजू निर्दोष ठरवायची, गिऱ्हाइकाला भागांबद्दल विचारण्याआधी त्याच्या सवयीबद्दल विचारायचं, दुरुस्ती लागू पडली असं वाटलं तर तेव्हा दुसरं काय बदललं होतं ते बघायचं, हे कोणी शिकवत नाही. कॉमन रेलच्या काळात याची गरज वाढली आहे, कारण आता एकेक भाग हजारांनी मोजावा लागतो आणि चुकीचा अंदाज गरिबाला परवडत नाही.

त्या बिलात मी पहिलीच ओळ लिहिली: तपासणी. समोर आकडा घातला, बेताचा पण दिसेल असा. गाडीमालकांनी तो वाचला आणि रबरी पाइपाच्या दरावर घासाघीस केली. पहिल्या ओळीबद्दल काही बोलले नाहीत. अर्धे पैसे तेव्हा दिले, उरलेले मका विकल्यावर आणून दिले.

तेव्हापासून प्रत्येक बिलात ती ओळ असते. काही गिऱ्हाइकं वाद घालतात, काही दुसरीकडे जातात. मार्चमध्ये त्यांच्याच गावचा एक जण ट्रॅक्टर घेऊन आला. नांगराला लावला की ट्रॅक्टर दम सोडत होता. सीटवरून उतरता उतरताच त्याने विचारलं, “मिस्त्री, आधी सांगा, तपासणीचे किती घेता?”